चढा सा

सोमवार कुठं गेला, सांगता येत नाही.
लॉगबुकात तो आहे. दर तासाचं रीडिंग,
माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत:
ऑइल बासष्ट, वाइंडिंग एकाहत्तर.
मी मात्र त्यात कुठं सापडत नाही.

मे महिना. घरोघरी कुलरमधला वाळा ओला झाला
की इकडे सबस्टेशनात माझी सुई चढते.
दुपारी यार्डातली गिट्टी बुटाच्या तळव्यातून बोलते.
फोन वाजतो: "लाइन काऊन गेली बे?"
"येऊन राहिली भाऊ, पाच मिनिटं."
पाच मिनिटं हे आमच्या खात्याचं एकक आहे,
घड्याळाशी त्याचं नातं नाही.

मंगळवारी नाइट. बुधवारी नाइट,
आणि ढोमणेची आई भरती,
म्हणून दुपारची पाळीही माझीच.
मधल्या चार तासांत झोप, दळण,
पोराच्या सायकलचं पंक्चर,
जयताळ्याच्या टपरीवर उभ्यानं तर्री-पोहे.
दिलरुब्याच्या दोन तरफा बदलायच्या राहिल्या
त्या राहिल्याच.

रात्री अडीचला शहर जरा थंड होतं, सुई उतरते.
मग डब्याशेजारचा टेपरेकॉर्डर काढतो.
रेडिओवरून भरलेली जुनी सारंगी,
सुरुवातीला कोणाचा तरी खोकला, नंतर मारवा.
पट्टा तुटला तेव्हा मी आत रबरबँड लावला,
तेव्हापासून तो मारवा किंचित थकून वाजतो.
सा तर त्यात असाही लवकर भेटत नाही,
सारंगी त्याच्या दारापर्यंत येते, आणि वळते.
बाविसाव्या मिनिटाला टेप संपते, तान अर्धीच.
पुढचं कधी ऐकलं नाही.
पुढचं मी यार्डात फेरी मारताना गुणगुणतो,
ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यात.
तो घुमतो एकाच सुरात, चोवीस तास,
पांढरी पाचच्या जरासा वर.
अकरा वर्षं मी त्याच्याच अंगणात बसून
तारा जुळवतो आहे.

गुरुवारी रात्री एक वाजून दहाला
दोन्ही इनकमर गेले.
अलार्म दाबला, बंद केला,
आणि यार्ड गप्प झालं.
अशी शांतता मी तिथं कधीच ऐकली नव्हती.
गवतात किडे होते. दूर रिंग रोडवर एक ट्रक.
कुत्राही गोंधळून उभा राहिला.
आठ फोन एकदम वाजू लागले
आणि मी टॉर्च धरून, घामानं भिजलेला,
ब्रेकर, आयसोलेटर, परवानगी, पुन्हा ब्रेकर.
एकवीस मिनिटांनी लाइन चार्ज झाली.
पोटातून आधी जाणवला, मग कानाला:
घुमला.
मला रडू का आलं ते लॉगबुकात लिहायला रकाना नाही.
लिहिलं: सप्लाय नॉर्मल.

शुक्रवार-शनिवार त्याच्या अहवालात गेले.

रविवारी गोळीबार चौक, पराते मास्तर.
पूर्वी त्या खोलीत माग होता.
मागाचा खड्डा बुजवून वर सतरंजी टाकली आहे,
आम्ही शिष्य त्या खड्ड्यावर बसतो.
मास्तरांचा पाय अजून हलतो, पावडी दाबल्यासारखा.
मी गज टेकवला. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले.
"दर खेपेले तुझा सा केसभर चढाच असते.
कोणासंगं जुळवून आणतं बे तू?"

काय सांगू?
घरी टेपचा सा उतरलेला, कामावर चढा,
आणि खरा इथं, या बुजलेल्या खड्ड्यावर,
आठवड्यातून एक तास.
मी खुंटी पिळायला हात घातला
तोच पंखा थांबला. लाइट गेली.
मास्तर हसले: "तुमचीच मेहरबानी."
"पाच मिनिटं, मास्तर," जीभ आपोआप बोलली.
गल्लीत एकेक कुलर बंद पडत गेला,
शेवटचा, कोपऱ्यावरच्या शिंप्याचा.
मग बुधवारपासून राहिलेली ती सैल तरफ
कुणी न छेडता, जराशी, वाजली.
"आता लाव," मास्तर म्हणाले.